फाइल तीच, मालक बदलले

घरच्या लिनक्स संगणकावर इंटरनेट ‘आहे पण चालत नाही’, ही तक्रार जुनीच. आकडी पत्त्याला पिंग केलं की उत्तर येतं, संकेतस्थळाचं नाव टाकलं की ब्राउझर घुटमळतो. म्हणजे तार, मोडेम, राउटर ठीक. नावावरून पत्ता सांगणारा नेम सर्व्हर तेवढा गप्प. डायल-अपपासून आजवर हे लक्षण बदललं नाही, दुरुस्तीची जागा मात्र सरकत गेली.

१९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची रचना मांडली. त्याआधी साऱ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. तिचा वारसा म्हणजे आजची ‘होस्ट्स’ फाइल. तिच्यातली एखादी विसरलेली ओळ अजूनही भल्याभल्यांना चकवते, कारण सहसा तीच आधी वाचली जाते.

भारतात १९९५ साली सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं. डायल-अपच्या त्या काळात लिनक्सवाले सेवादात्याने दिलेले नेम सर्व्हरचे आकडे ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलमध्ये बहुधा हाताने लिहीत. तीनपेक्षा जास्त सर्व्हर तिथे विचारात घेतले जात नाहीत. पहिला बंद पडला तर दुसऱ्याला विचारण्याआधी पाच सेकंदांची वाट. दर नव्या नावाला तेवढा खोळंबा झाला, की लोक ‘लाइन स्लो आहे’ म्हणत.

ब्रॉडबँड आलं आणि राउटरच सर्व्हरचे पत्ते पुरवू लागला. २००४मध्ये रेड हॅटने सुरू केलेला नेटवर्कमॅनेजर ती फाइल स्वतः लिहू लागला. हाताने केलेला बदल पुढच्या जोडणीला पुसला जाई. वैतागून काहींनी फाइललाच कुलूप घातलं. डिसेंबर २००९मध्ये गुगलचा ८.८.८.८ हा सर्व्हर आला आणि तो रामबाण ठरला. सेवादात्याचा सर्व्हर झोपलेला असेल तेव्हा तो खरंच कामी येई. पण राउटरला माहीत असलेली घरातल्या प्रिंटरची नावं त्याला कुठून कळणार?

२०१२च्या उबुंटूत त्या फाइलमध्ये १२७.०.०.१ दिसू लागला, म्हणजे आपलाच संगणक! आत डीएनएसमास्क हा छोटा नेम सर्व्हर बसला होता. २०१८च्या उबुंटू १८.०४पर्यंत त्यांच्या जागी १२७.०.०.५३ आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हड आले; २०२०मध्ये फेडोरा ३३नेही तीच वाट धरली. फाइल आता दुसऱ्या फाइलकडे नेणारा नुसता दुवा उरली. खरा सर्व्हर बघायचा तर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा द्यावी लागते.

तपासणीतही एक गफलत होते. ‘डिग’ हा तपासणीचा प्रोग्रॅम थेट नेम सर्व्हरला विचारतो, होस्ट्स फाइल बघतच नाही. म्हणून डिग बरोबर उत्तर देतो आणि ब्राउझर भलतीकडेच जातो, असं घडू शकतं. अशा वेळी ‘गेटएंट होस्ट्स’ चालवावं. ते यंत्रणेने ठरवलेल्या क्रमानेच शोधतं.

तेव्हा फाइल उघडून आकडे बदलण्याआधी ‘एलएस -एल’ने ती दुवा आहे का ते बघा आणि ती कोण लिहितं ते शोधा. बदल त्यालाच सांगा. नेटवर्कमॅनेजर असेल, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये. तिथे केलेला बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकतो.