पाकिटावरचा आकडा कुठून येतो?

वाशिम जिल्ह्यात खरीप म्हटले की सोयाबीन. सोयाबीनच्या वड्यांचे पाकीट किराणा दुकानातून घरी येते, तेव्हा त्यावर प्रथिनांचा आकडा असतो. पण प्रयोगशाळेत सहसा प्रथिन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला ६.२५ ने गुणतात. सोयाबीनच्या प्रथिनात नायट्रोजन थोडा जास्त असतो, म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञ डी. बी. जोन्स यांनी १९३१ मध्येच सोयाबीनसाठी ५.७१ हा गुणक दिला. पहिल्या हिशेबाने ४० टक्के भरणारे प्रथिन दुसऱ्याने साडेछत्तीसच भरते. दोन्ही गुणक आजही वापरात आहेत. यात लबाडी नाही, पण कोणता गुणक लावला हे ग्राहकाला कळायलाच हवे. नायट्रोजन मोजण्याच्या याच पद्धतीचा फायदा घेऊन चीनमध्ये दुधात नायट्रोजनचा आकडा वाढवणारे मेलामाइन हे रसायन मिसळले गेले. २००८ मध्ये हे उघडकीस आले, तोवर तान्ही मुले दगावली होती.

याच जिल्ह्यातल्या मंगरुळपीर, कारंजाकडच्या संत्र्यावर तर लेबलच नसते. फोनवर शोधले की ‘क’ जीवनसत्त्वाचा आकडा मिळतो, तो बरेचदा परदेशातल्या वेगळ्याच जातीच्या संत्र्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. आपल्यासाठी तेच जवळचे, पण तीही सरासरीच. झाडाच्या बाहेरच्या अंगाला ऊन खाल्लेल्या फळात ‘क’ जीवनसत्त्व आतल्या सावलीतल्या फळापेक्षा जास्त असते. पिकण्याने, साठवणीने ते आणखी बदलते. एकाच झाडाची दोन संत्री जिथे जुळत नाहीत, तिथे दशांशापर्यंतच्या आकड्यावर किती विसंबायचे?

आकड्यांपेक्षा मोठी दिशाभूल पाकिटाच्या दर्शनी बाजूवर होते. दहा टक्के किंवा त्याहून कमी फळ असलेल्या पदार्थालाही फळाच्या गराचा दावा करता येतो, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला.

म्हणून पाकीट आधी उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तिच्यातली पहिली तीन नावे वाचा. वरून घातलेली साखर आणि सोडियम किती ते पाहा, तेही १०० ग्रॅममागे. ताज्या फळासाठी मात्र आकडा शोधत बसू नका. बहरात संत्री घ्या, सोलून खा आणि मुलांच्या डब्यातही द्या.