मैदान मोजायचं कसं?

मागच्या वेळी आपण 'कल्याण' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तो शब्द जरा मैदानात नेऊ. मार्था नुसबॉम यांनी माणसाच्या मूलभूत क्षमतांची १० कलमी यादी केली. तिच्यात आरोग्य आहे, विवेक आहे, आणि खेळसुद्धा आहे. १९८९च्या बालहक्क करारातलं ३१वं कलम तेच म्हणतं. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. म्हणजे खेळ ही अभ्यासातून उरलेल्या वेळाची गोष्ट नव्हे. 'लातूर पॅटर्न'च्या गावात हे बोलायला धाडस लागतं, असो.

मग बाग चांगली, हे ठरवायचं कसं? आपण झोके नि घसरगुंड्या मोजतो. पण मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा ४० अंशांपुढे जातो. दुपारी चारला पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून बघा. चटका बसला, तर ती घसरगुंडी कागदावर आहे, मुलांसाठी नाही. नळाचंही तसंच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकरांना नळ आणि पाणी यांतला फरक आम्ही काय सांगावा!

आम्हाला महत्त्वाची वाटते ती मोजणी वेगळीच. संध्याकाळी बाकावर बसा आणि बारा वर्षांपुढच्या मुली किती खेळतात, ते मोजा. दिसल्या नाहीत, तर कारण शोधा: दिवे लागतात का, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, कट्ट्यावर कोण बसतं? हे नगरसेवकाला नव्हे, मुलींनाच विचारा. पहिल्या दिवशी त्या बोलणार नाहीत. दोन-तीनदा जावं लागेल.