मेद आणि स्तनाचा कर्करोग

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, बळावलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचे बीजकोश काढल्यावर गाठी ओसरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे नावही कोणाच्या कानी आले नव्हते. परंतु या व्याधीला स्तनाबाहेरूनही खतपाणी मिळते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पाळी कायमची थांबली, बीजकोशांचा कारभार आटोपला, म्हणजे इस्ट्रोजेनही संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी जी पुरुषी संप्रेरके अल्प प्रमाणात स्रवत राहतात, त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे ॲरोमॅटेज नावाचे विकर मेदाच्या ऊतीत असते; म्हणून ज्या मेदाला आपण जास्तीच्या अन्नाची मुकी कोठी समजत आलो, तो प्रत्यक्षात रात्रंदिवस राबणारी ग्रंथीच ठरतो. लेट्रोझोलसारखी गोळी उतारवयातील रुग्णांना देतात ती याच विकराला अटकाव करण्यासाठी. शिवाय स्थूलतेबरोबर रक्तातील इन्सुलिन वाढते आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो, हे निराळेच.

२०१४ साली ८२ अभ्यासांतील दोन लाखांहून अधिक रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा निदानापूर्वी स्थूल असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण प्रमाणित वजनाच्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा तुलनेचा आहे, कोणा एकीच्या भवितव्याचा नव्हे. आणि अतिकृश स्त्रियांतही ते प्रमाण किंचित अधिकच होते, हे हिणवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

या मामल्यात सारा दोष रुग्णेच्या ताटावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात वैद्यकाचाही वाटा आहे. केमोथेरपीची मात्रा उंची आणि वजन यांवरून काढलेल्या देहाच्या पृष्ठफळावर ठरते. स्थूल स्त्रीच्या बाबतीत हिशेबाने येणारी मात्रा डोळ्यांना मोठी दिसे, विषबाधेच्या धास्तीने डॉक्टर ती परस्पर छाटून टाकीत, आणि अशा रीतीने जिला पूर्ण औषधाची निकड, तिलाच ते अपुरे मिळे. प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण मात्रा द्यावी, अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली केली.

उपचारांच्या काळात पुष्कळ स्त्रियांचे वजन घटण्याऐवजी वाढते. थकव्याने हालचाल मंदावते, तरुण स्त्रियांची पाळी औषधांनी अकाली थांबते, आणि ‘अंगात ताकद यायला हवी’ म्हणून आपल्याकडे सासरमाहेरची मंडळी साजूक तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू घेऊन हजर होतात. त्या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिची थोडी छाटणी मात्र अवश्य करावी.

वजन उतरवल्याने रोगाची पुनरावृत्ती टळते काय, हा प्रश्न निराळा, कारण संबंध दिसणे आणि उपाय लागू पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो तपासण्यासाठी २०१६ साली अमेरिका व कॅनडा येथे सुरू झालेल्या चाचणीत तीन हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांतील निम्म्यांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन दूरध्वनीवरून दोन वर्षे देण्याची योजना होती.

चाचणीचे उत्तर काहीही असो, रुग्णेने उपचार चालू असताना मनाने उपासतापास आरंभू नयेत, झेपेल तितके रोज चालावे, आणि केमोची मात्रा आपल्या आजच्या वजनावर बेतली आहे ना, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.