मीठ जातं कुठं?

यंत्राच्या पडद्यावर आकडा होता २.५. लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम मीठ, असा त्याचा अर्थ. एवढ्या कमी मिठावर हे यंत्र क्लोरीन बनवत नाही, लाल दिवा लावतं आणि थांबतं. दादांनी आदल्याच दिवशी तलावात पन्नास किलोचं आख्खं पोतं रिकामं केलं होतं, आणि ते काही पहिलं पोतं नव्हतं. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरच्या त्यांच्या रिसॉर्टचा छोटा जलतरण तलाव हिरवट पडू लागला होता. शनिवारी कोल्हापूरहून शाळेची पोरं यायची होती. वहिनींनी सांगून टाकलं होतं, "पाणी निवळल्याशिवाय एकाही लेकराला आत उतरू देणार नाही."

खाऱ्या पाण्याचा तलाव म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण यात मीठ असतं समुद्राच्या जेमतेम दहाव्या हिश्शानं, लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम. पंपानं फिरणारं पाणी एका नळकांड्यातून जातं. त्याला सेल म्हणतात. आत टायटॅनियमचे पातळ पत्रे ओळीनं उभे असतात. त्यांतून वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, तो जंतू आणि शेवाळ मारतो, आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. म्हणजे मीठ खर्ची पडतच नाही. उन्हानं पाणी उडालं तरी मीठ मागं राहतं. त्याला बाहेर जायला वाट एकच: पाण्याबरोबर वाहून जाणं. मग दादांची पोत्यांमागून पोती गेली, ती कुठं?

गगनबावड्यात या प्रश्नाचं उत्तर आभाळाकडे बोट दाखवून देता येतं. ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, इथं पाच-सहा हजार. दादांचा तलाव १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ५० हजार लिटरचा. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४ हजार लिटर गोडं पाणी आत येतं आणि जवळपास तेवढंच खारं पाणी काठावरून निघून जातं. आठ टक्के मीठ गेलं. जुलैत इथं असे दिवस एकामागून एक येतात. हिशेब इतका चपखल बसत होता की दादांना दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही.

पण त्या पोत्याच्या वेळी उघडीप होती. थेंबही पडला नव्हता. ५० हजार लिटरमध्ये ५० किलो, म्हणजे लिटरला बरोबर एक ग्रॅम. रात्रभर पंप फिरल्यावर आकडा १.९ वरून २.९ वर जायला हवा होता. तो गेला २.५ वर. सहा दशांश वाढला, चार दशांश गायब. पाऊस नसताना मीठ कोण नेतंय?

दुसरा संशय पत्र्यांवर गेला. जड पाण्यातला चुना पत्र्यांवर साचतो, थर बसला की वीज पोहोचत नाही. कुणी सेल ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवायला सुचवलं. हे मात्र मी करू दिलं नाही, कारण त्या पत्र्यांचं सगळं मोल वरच्या लेपात आहे. पूर्वी क्लोरीनच्या कारखान्यांत ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड असत, ते झिजून जात. हेन्री बीअर या संशोधकानं १९६५ साली टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याचं पेटंट मागितलं आणि तो सगळा उद्योगच बदलून गेला. आज घरगुती तलावातला सेल वर्षानुवर्षं टिकतो तो या जातीच्या लेपामुळे. ॲसिडचा अतिरेक केला की चुन्याबरोबर लेपही जातो. आम्ही पातळ ॲसिड घेऊन पत्र्यांवर जरासं सोडलं. चुना असता तर फसफसून फेस आला असता. एक बुडबुडा आला नाही. सेल तर उन्हाळ्याच्या शेवटी नवाच बसवलेला, आणि इथलं पाणी पावसाचं, चुना नसलेलं.

तलावाची देखभाल मामा करत. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पिण्याच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जी ओटी टेस्ट घेतात, तीच ते इथं रोज सकाळी करायचे. नळीत पाणी, वर औषधाचे थेंब, क्लोरीन असेल तर पिवळा रंग. रंग येत नव्हता. नळी खाली ठेवून मामांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकून टाकलं.

"आवो, पानी पार मचूळ झालंय. उन्हाळ्यात असं न्हवतं. आन् ह्ये डबडं म्हंतंय मीठ कमी हाय."

माझ्या मते शोध खरा तिथं लागला. बाकीचं सगळं त्या एका वाक्याची पडताळणी होती.

पाण्याची बाटली कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात नेली. रसायनशास्त्राच्या सरांनी मोर पद्धत लावली. जर्मन रसायनज्ञ मोर यांनी १८५६ मध्ये दिलेली ही रीत आजही प्रयोगशाळेत शिकवतात. काचेच्या फ्लास्कमध्ये नमुना पातळ करून घेतला, त्यात पोटॅशियम क्रोमेट टाकलं, पाणी लिंबासारखं पिवळं झालं. वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं पडू लागलं. प्रत्येक थेंबाला दुधी साका येई. पडे त्या जागी क्षणभर तांबूस रंग चमके आणि फ्लास्क हलवला की विरे. क्लोराइड संपेपर्यंत हे असंच चालतं. मग एक थेंब पडला आणि तांबूसपणा विरला नाही. सरांनी तोटी बंद केली, आकडा वाचला, पुन्हा एकदा सगळं करून पाहिलं.

लिटरला ४.२ ग्रॅम.

मीठ कुठंही गेलं नव्हतं. तलावात ते गरजेपेक्षा जास्तच होतं, आणि यंत्र त्यातलं सहा दशांशच पाहत होतं. ४.२ चे सहा दशांश म्हणजे २.५. पोत्यानं एक ग्रॅम वाढलं, यंत्रानं सहा दशांशच दाखवलं. तेच प्रमाण!

गगनबावड्याचे वायरमन आले. त्यांनी बटण दाबत पडद्यावरचे बाकीचे आकडे काढले, आणि वायरीला क्लॅम्प मीटर लावून ताडून पाहिले. "व्होल्टेज बराबर हाय," ते म्हणाले, "करंटच कमी वडतोय." इथं सगळा उलगडा झाला. या यंत्रात मीठ मोजणारं वेगळं काही नसतंच. ते पत्र्यांना ठरावीक व्होल्टेज देतं, किती करंट वाहतो ते बघतं, पाण्याचं तापमान जमेस धरतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतं. पण करंट नुसत्या मिठावर ठरत नाही, पत्र्यांच्या क्षेत्रफळावरही ठरतो. इथून वैभववाडीला उतरणाऱ्या करूळ घाटाची एक बाजू बंद असताना खाली गाड्या मोजल्या, तर गगनबावड्यात माणसं कमी झाली असं कुणालाही वाटेल.

"मामा, जुना सेल टाकला का?"

"टाकतोय कशाला? हाय की."

अडगळीच्या खोलीतून, इरल्यामागून, तो निघाला. दोन्ही सेल ओसरीवर शेजारी ठेवले. बाहेरचं नळकांडं सारखं, आट्या सारख्या, प्लग सारखा. म्हणून तर नवा सेल बसवताना कुणालाच शंका आली नाही. आत बॅटरी मारली. नव्याचे पत्रे आखूड होते. मोजपट्टीनं क्षेत्रफळ काढलं, ते जुन्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरलं. विक्रेत्यानं लहान तलावाचा सेल दिला होता, आणि यंत्र अजून मोठ्या सेलच्याच हिशेबानं मीठ सांगत होतं. त्याचं गणित बरोबर होतं, त्याला दिलेली माहिती जुनी होती.

मेनूत आत कुठंतरी सेलचा आकार निवडायची सोय होती. वायरमननी तो बदलला. पडद्यावर ४.१ आलं, थोड्या वेळानं ४.२. लाल दिवा विझला. सरांना फोन लावला तेव्हा दादांचा आवाज चढला होता.

पण जास्तीचं मीठ उतरवायला एवढं खारं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, यावर मामा अडून बसले, आणि त्यांचं बरोबरच होतं. खाली भाताची खाचरं होती, नुकती लागण झालेली, आणि भाताच्या कोवळ्या रोपाला मीठ सोसत नाही. पोती बंद केली, मीठ उतरवायचं काम पावसावर सोडलं. ४.२ वरून ३.२ वर यायला साडेतीनशे मिलिमीटरच्या आत पाऊस पुरतो, आणि असा थोडा-थोडा बाहेर पडणारा खारेपणा सरींत पातळ होऊन जातो. हिरवं पाणी टीसीएल टाकून, गाळून, पुन्हा टाकून निवळवलं. शनिवारी ओटी टेस्टची नळी वहिनींनी स्वतः हातात धरून पाहिली, मग पोरं उतरली.

लहान सेलची अडचण मात्र उरलीच. एका पत्रा-जोडीतून एक ॲम्पिअर तासभर वाहिला तर फार तर १.३२ ग्रॅम क्लोरीन मिळतो. हा निसर्गाचा हिशेब, त्यात घासाघीस नाही. करंट साठ टक्के, तर जे काम सहा तासांत व्हायचं त्याला दहा तास लागणार, आणि ऐन पावसात इथं सलग दहा तास वीज मिळेलच असं नाही. दादांनी योग्य मापाचा सेल मागवला. पार्सल आलं तेव्हा मामांनी पैसे देण्याआधी खोकं फोडायला लावलं आणि जुना सेल शेजारी धरून पत्रे मोजून घेतले.