चिकूचं स्पेलिंग

वसुबारसेच्या संध्याकाळी पालघरहून मामांचा फोन आला. "अरे, तो पासवर्ड काही आठवेना बघ." कुठला, हे विचारेपर्यंत मागून मामीचा आवाज आला, "त्याला सांगा, उद्या पुण्याची मंडळी येतायत म्हणून." पुण्याची मंडळी म्हणजे मामांची लेक, जावई आणि दोन नातू. हे नातू उंबऱ्यात चपला काढता काढताच "आजोबा, वाय-फाय?" असं विचारतात. नमस्कार त्यानंतर.

"डबीच्या मागे एक बारीक भोक आहे," मामा म्हणाले. "त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं कोरं होतं, असं शेजारचा मुलगा सांगत होता. दाबू का?"

"मामा, टाचणी खाली ठेवा. मी येतो."

मी बोईसरला राहतो. बोईसर-पालघरमध्ये एक उमरोळी स्टेशन तेवढं लागतं. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांना माझ्याकडची कॉम्प्युटरची कामं जास्तच आठवू लागली आहेत. फराळाची पिशवी घेऊन माहीम रोडवरच्या त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा टाचणी टीव्हीच्या टेबलावरच पडलेली होती.

या टाचणीची धास्ती का, ते आधी सांगतो. कारण दिवाळीत ती घरोघरी हातात घेतली जाते. हल्ली भिंतीतून फायबरची बारीक पांढरी किंवा पिवळी वायर येते आणि एका डबीत शिरते. या डबीच्या पोटात दोन वेगळे ऐवज असतात. एक आपला, म्हणजे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. दुसरा नेटवाल्याचा, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेत शिरण्यासाठी लागणारं यूजरनेम, त्याचा वेगळा पासवर्ड आणि जोडणीचे काही आकडे. टाचणी दाबली की दोन्ही पुसले जातात. मग डबीच्या बुडाशी छापलेल्या मूळ नावाने वाय-फाय दिसतं, फोन जोडलाही जातो, रेघा पूर्ण येतात, पण इंटरनेट नाही. काही कंपन्या त्यांच्या केंद्रातून हा ऐवज आपोआप परत पाठवतात आणि काही मिनिटांत गाडी रुळावर येते. बाकीच्यांकडे माणूस यावा लागतो. तुमची डबी कुठल्या जातीची, हे टाचणी दाबल्यावरच कळतं. आणि दिवाळीच्या चार दिवसांत नेटवाला आणि रंगारी या दोघांचेही फोन लागत नाहीत.

मामीचं निदान निराळं होतं. "दुपारी लाईट गेली होती, त्यातच उडाला असणार." तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर आणि आमच्याकडे लाईट जाते, ही या भागातली जुनी तक्रार, दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला फोड करून सांगावी लागत नाही. पण लाईट गेल्याने पासवर्ड उडत नाही. तो वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडची वीज गेली ती गेलीच. परत आली तेव्हा आमची डबी जुन्याच पासवर्डावर मुकाट चालू झाली होती.

मामांनी डायरी पुढे केली. मामा अणुवीज केंद्रात पाळीत काम करून निवृत्त झालेले. लॉगबुकात नाही ते घडलंच नाही, हे त्यांचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. डायरीत एका पानावर ठळक अक्षरांत पासवर्ड होता आणि गेला तासभर ते तोच फोनमध्ये घालत होते. तो होता नेटवाल्याच्या जोडणीचा. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण घरच्या इंटरनेटला एक नाही, तीन कुलपं असतात. पहिलं वाय-फायचं, जे पाहुणे मागतात. दुसरं डबीच्या स्वतःच्या सेटिंगचं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की समोर येतं ते. तिसरं नेटवाल्याचं. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. पण दुसरं कुलूप उघडता आलं तर आत पहिल्याची किल्ली सापडते: लॅपटॉप वायरने डबीला जोडायचा, आत शिरायचं आणि वायरलेसच्या पानावर पासवर्ड वाचायचा. या दुसऱ्या कुलपाचं नाव-पासवर्ड बहुधा डबीच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतं.

डबी उलटी केली. धूळ, पालीचं एक अंडं आणि कागद. त्यावर वाय-फायचा मूळ पासवर्डही छापलेला होता. बरीच घरं तो कधी बदलतच नाहीत, म्हणून सगळ्यांत आधी तिथे बघावं. मामांनी मात्र बदलला होता. "लिहून ठेवला होता रे," ते म्हणाले, "कालनिर्णयच्या मागच्या पानावर." जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं आणि जुनं रद्दीत गेलं. तरी अडलं नव्हतं, कारण मामांच्या फोनला पासवर्ड पाठ होता. परवा त्यांनी नवा फोन घेतला आणि जुना एक्स्चेंजमध्ये दुकानात देऊन टाकला. घर बदलताना किल्ली जुन्या घरातच राहावी, तसं झालं.

"मामी, तुमचा फोन चालतोय का?"

"माझं तर चालूच आहे की," मामी चकलीचा सोऱ्या न सोडता म्हणाल्या. "मला कोणी विचारलंच नाही."

एखाद्या फोनला एकदा पासवर्ड दिला की तो प्रत्येक वेळी पुन्हा विचारत नाही, म्हणजे तो त्याने कुठेतरी जपून ठेवलेला असतो. त्यामुळे घरातली एक वस्तू जरी वाय-फायला जोडलेली असली तरी पासवर्ड हरवलेला नसतो. तो घरातच असतो, आपण फक्त योग्य माणसाला विचारलेलं नसतं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, ही विचारपूस अगदी सोपी झाली आहे. सेटिंग्जमध्ये वाय-फाय, चालू नेटवर्कच्या नावाशेजारचं चक्र, मग शेअर. फोन मालकाच्या बोटाचा ठसा मागतो. मामीच्या अंगठ्यावर भाजणीचा थर होता. तीन वेळा फोनने त्यांना ओळखलं नाही. हात धुऊन, पदराला पुसून चौथ्यांदा ठेवला तेव्हा पडद्यावर क्यूआर कोडचा चौकोन उमटला आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत पासवर्ड. (आता तो बदलला आहे म्हणून सांगतो: चिकू, मग ॲटचं चिन्ह, मग १९६९.)

काही फोन नुसता चौकोन दाखवतात, अक्षरं नाहीत. तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनवर गूगल लेन्सने वाचायचा. कारण या चौकोनात गुपित असं काही नसतं. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड त्यात उघडे लिहिलेले असतात, फक्त माणसाऐवजी कॅमेऱ्याला वाचता येतील असे. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी क्यूआर कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. लपवणं हा त्याचा हेतूच नव्हता. म्हणून हा चौकोन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे दाराची किल्ली जिन्यात टांगून ठेवणं.

आयफोनवाल्यांना २०२२ च्या आयओएस १६ पासून ही सोय मिळाली. वाय-फायच्या नावापुढच्या गोल आय वर गेलं की पासवर्डची ओळ दिसते. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असं जात राहायचं. जुन्या विंडोजवर कंट्रोल पॅनेलमधून वायरलेस प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सिक्युरिटीखालच्या शो कॅरॅक्टर्सवर बरोबरची खूण करायची. क्रोममधल्या पासवर्डांच्या यादीत मात्र शोधू नका. तिथे वेबसाइटांचे पासवर्ड असतात, वाय-फायचा नसतो. टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरे यांनाही तो माहीत असतो, पण ते तोंड उघडत नाहीत.

घरात एकही जोडलेली वस्तू उरली नसेल तर डबीवर डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण आहे का ते बघायचं. विंडोजचा लॅपटॉप जोडायला घेतला आणि ते बटण दाबलं की पासवर्ड न घालताच जोडणी होते, आणि मग पासवर्ड लॅपटॉपमध्ये येऊन बसतो, तिथून वाचता येतो. नव्या फोनांनी ही सोय काढून टाकली आहे. त्याच सोयीतला आठ आकडी पिन किती कच्चा आहे, हे २०११ मध्ये उघड झालं: तो दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांतच सापडे. बटण कामापुरतं वापरावं आणि पिनची सोय बंद करून टाकावी.

तर पडद्यावर पासवर्ड आला आणि मामा उसळले. "अरे, डायरी काढायच्या आधी हाच तर घालत होतो मी! अंगणातला चिकू आणि केंद्र सुरू झालं ते साल. चुकेन कसा?"

२८ ऑक्टोबर १९६९ ही तारीख मामा चुकणं शक्य नव्हतं. चुकलं ते चिकूचं स्पेलिंग. पासवर्ड ठरवताना त्यांनी इंग्रजी पुस्तकी वळणाने सी-एच-आय-सी-के-डबल ओ असं लिहिलं होतं. आठवताना ते कधी सी-एच-आय-के-यू घालत, कधी सी-एच-आय-के-डबल ओ. पहिलं अक्षर मोठं होतं, हे तर गावीच नव्हतं.

हे दुखणं खास आपलं आहे. वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो आणि तो फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि कळफलकावरची चिन्हं यांतूनच चालतो. देवनागरी त्याला चालत नाही. म्हणून आपण मराठी शब्द रोमनमध्ये लिहितो, आणि रोमनमध्ये मराठीला शुद्धलेखनच नाही. दिवाळीत डब्ल्यू की व्ही, भाऊला किती ए, लक्ष्मीत एक्स की के-एस-एच, हे ज्याचं त्याने त्या क्षणी ठरवायचं. शब्द लक्षात राहतो. त्या दिवशी कुठलं स्पेलिंग सुचलं होतं ते राहत नाही. नेटवर्कचं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं. पण त्याला ३२ बाइटांची मर्यादा आहे आणि आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट खाते. 'पालघर' आरामात बसतं. 'बोईसर तारापूर' बसत नाही, ३७ होतात.

जेवताना मामांनी विचारलं, "स्टेशनाबाहेर बोर्ड असतात, कुठलाही पासवर्ड तोडून देतो म्हणून. ॲपही असतात म्हणे. ते कसं?"

मुळात पासवर्ड हवेतून जातच नाही. डबी फोनला एक वाटेल तो आकडा पाठवते, फोन आपला एक आकडा निवडतो आणि पासवर्डातून तयार केलेल्या किल्लीने त्यांचं एक गणित करून फक्त आपला आकडा आणि उत्तर पाठवतो. डबी तेच गणित स्वतः करते. उत्तर जुळलं की दार उघडतं. ती किल्ली तयार करताना पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घुसळले जातात. चोराने ही देवाणघेवाण हवेतून टिपली तरी त्याला एकेक अंदाज घेऊन प्रत्येक वेळी तेवढंच घुसळावं लागतं. फुकटची ॲपं असलं काही करत नाहीत. फार तर दुसऱ्याने कुठेतरी दिलेले पासवर्ड दाखवतात आणि तुमच्या फोनमधले घेऊन जातात. अंदाज सोपा असेल तर मात्र ताकदवान कॉम्प्युटर हाती असलेल्याचं काम होतं. पुष्कळ घरांचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर असतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम आहे.

आणि दुसऱ्याच्या जाळ्यात अप्रामाणिकपणे, विनापरवानगी शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"मग ठेवू या की उघडंच," मामी म्हणाल्या. "आपल्याकडे काय चोरायचंय?"

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल आला होता. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर, एका परदेशी गृहस्थाच्या दारात. त्यांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांच्या वाय-फायचा वापर दुसऱ्यानेच केला होता. पुढे २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत रस्त्यांवरून फिरू लागले. हे सांगितल्यावर मामीने विषय वाढवला नाही.

उलट पासवर्ड बदलायचंच ठरलं. जुना फोन दुकानात गेलेला, आणि पासवर्डातला चिकू फाटकातून दिसतो. बदलायचा तर सगळी मंडळी घरात असतानाच, म्हणजे प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि टीव्हीवर तिथल्या तिथे घालता येतो. (टाचणी दाबून बसलेल्यांसाठी उलटी युक्ती: नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुनेच्या जुने, अक्षरही न बदलता पुन्हा ठेवा. सगळ्या वस्तू आपसूक जोडल्या जातात.)

धनत्रयोदशीला नातू आले आणि फराळाच्या ताटांवर बैठक बसली. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द हवेत, आणि त्यांचं स्पेलिंग एकच होत असलं पाहिजे. धाकट्याने नियम काढला: पहिलीच्या पुस्तकात सुरुवातीला असतात तसे काना-मात्रा नसलेले शब्द घ्यायचे. बदक. गवत. मामीने फणस सुचवला. थोरल्याने तो हाणून पाडला, कारण फ ला एफ की पी-एच हा वाद आहेच. वजन पडलं, व मुळे; खरं तर त्याच न्यायाने गवतही गेलं. पाऊण तासाने चार शब्द ठरले. ते सांगत नाही.

कागदावर मामीने मोठ्या अक्षरांत लिहून काढले आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवायला घेतले. मामांनी तो कागद परत मागून घेतला, खाली तारीख घातली, घड्याळ बघून वेळ घातली आणि सही केली.