पाऊण मिलिमीटरची दरज

ब्रिटनमधली आजची प्रमाण वीट २१५ मिलिमीटर लांब आणि ६५ मिलिमीटर उंच. दोन विटांमधली दरज १० मिलिमीटर. बाहुलीघरांच्या दुनियेत फुटाला एक इंच हे माप रूढ आहे, म्हणजे सगळं बारा पटींनी लहान. त्या हिशेबाने वीट होते १८ मिलिमीटरला जराशी कमी, उंची साडेपाचच्या आत. इथवर अडचण नाही. भाजलेल्या मातीच्या एवढ्या चकत्या विकत मिळतात. दरज मात्र उरते पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर. भिंत खरी वाटते ती या फटीमुळे, आणि फसते तीही बहुतेक वेळा इथेच.

कित्येक वर्षं या फटीची फिकीर कुणाला करावीच लागली नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमनचं प्रसिद्ध बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० या काळातलं. कासवाच्या कवचाने मढवलेलं ते एक कपाट आहे. दारं उघडली की थेट खोल्या. बाहेरची भिंत अशी नाहीच. (आपल्या भातुकलीत तर घराचाही पत्ता नसतो, खेळ चुलीपासूनच सुरू.) पुढे एकोणिसाव्या शतकात घरांना दर्शनी भिंती आल्या, पण विटा आल्या त्या कागदावर. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावची ब्लिस कंपनी लाकडी घरांवर लिथोग्राफीने छापलेले कागद चिकटवायची. त्यात वीट, दरज, खिडकी सगळं एकाच छापात.

सगळ्यात गंमत ‘क्वीन मेरीज डॉल्स हाऊस’ची. १९२१ ते १९२४ या काळात बांधलेलं हे घर आज विंडसर कॅसलमध्ये आहे. नळाला पाणी, दिव्यांना वीज, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन. वास्तुकार एडविन ल्युटेन्स; नवी दिल्लीवाले तेच. सॉनिंगच्या डीनरी गार्डनसारख्या घरात विटेचं सुरेख काम करणारा हा माणूस; पण राणीच्या बाहुलीघराची दर्शनी बाजू त्याने केली ती लाकडाची, पोर्टलंड दगडासारखी रंगवून. वीट एकदा लावायची ठरवली की हजारोंनी लावावी लागते. खऱ्या, अर्ध्या विटेच्या जाडीच्या भिंतीला चौरस मीटरला साधारण ६० विटा लागतात. बाराव्या हिश्श्याच्या भिंतीला १४४ पट, म्हणजे ८,६४०. साठ सेंटिमीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच दर्शनी बाजू घेतली, तर दारं-खिडक्या वजा जाताही तीन हजारांच्या घरात चकत्या बसतात.

आणि बसवायच्या कशा? इथे हौशी लोकांची हमखास चूक होते. अठराव्या शतकातलं लंडनचं घर म्हणायचं आणि सगळ्या विटा लांब बाजू पुढे करून लावायच्या. ती रचना, स्ट्रेचर बाँड, इंग्लंडात घरोघरी पोचली ती विसाव्या शतकात, आत पोकळी ठेवलेल्या दुहेरी भिंतींबरोबर. त्या काळच्या, म्हणजे जॉर्जियन, घराला फ्लेमिश बाँडच हवा. एकाच थरात एक वीट लांब बाजूची, पुढची टोकाची, पुन्हा लांब. त्यासाठी शेकडो चकत्या मधोमध कापाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या टोकाच्या विटेशेजारी चार मिलिमीटरची उभी पट्टीही घालावी लागते. गवंडी तिला क्वीन क्लोजर म्हणतात. ती चुकवली की वरच्या-खालच्या दरजा एका रेषेत येतात आणि जाणत्या डोळ्याला भिंत लगेच खोटी दिसते.

बाकी काम गवंड्याच्याच शिस्तीचं. चकत्या ज्यावर चिकटवायच्या ती एमडीएफची फळी एकाच बाजूने ओल प्यायली की वाकते, म्हणून दोन्ही बाजूंना प्रायमरचा हात. मग पेन्सिलीने आडव्या रेघा. थर आणि दरज मिळून ६.२५ मिलिमीटर, म्हणजे चार थरांना बरोबर २५. कोपऱ्यांपासून आणि खालून सुरुवात. पांढरा गोंद बेताने लावायचा; फटीतून वर आलेला गोंद वाळला की दरजेत भरायच्या मसाल्याला जागा राहत नाही.

दरजा भरण्याआधी गोंद रात्रभर वाळू द्यावा आणि विटांच्या तोंडावर मॅट वार्निशचा पातळ हात फिरवावा. कच्ची वीट मसाल्यातला पांढरा अंश पिते आणि तो डाग मग निघत नाही. मसाला चक्क्याइतपत घट्ट हवा. त्यात नेहमीची वाळू चालत नाही, कारण वाळू काही बारा पटींनी लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण या घरात सहा मिलिमीटरचा खडा ठरतो. मसाला जुन्या प्लास्टिक कार्डाने तिरपा ओढावा. दरजेच्या रेषेत ओढला तर कार्डाची धारच तो उकरून काढते. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा आणि घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसावा. निथळता स्पंज लावला तर गोंद पुन्हा मऊ होऊन विटा हातात येतात.

मसाल्याच्या रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: शुभ्र पांढरा नको. त्या रंगात भिंत आलेखाच्या कागदासारखी दिसते. राखाडीकडे झुकणारा मळकट रंग बरा. अपवाद टक पॉइंटिंगचा. ओबडधोबड विटांची भिंत रेखीव दिसावी म्हणून इंग्रज गवंडी दरजेत विटेच्याच रंगाचा मसाला भरत आणि त्यावर चुन्याची बारीक पांढरी रेघ ओढत. म्हणजे नजरबंदीचा हा धंदा खऱ्या घरांवरच सुरू झाला होता!

हात आजमावून पाहायचा असेल तर विकतच्या विटांची गरज नाही. अंड्यांच्या कागदी ट्रेचा सपाट भाग कापून त्याच्या विटा करता येतात. खडबडीतपणा आयताच मिळतो. फक्त तो कागद ओल्या मसाल्याने फुगतो. म्हणून रंग आणि वार्निश आधी, दरजा शेवटी. आणि मोठ्या भिंतीला हात घालण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक नमुना जरूर करा.