इंधन-यंत्राखालचं काँक्रीट

पेट्रोल पंपावरच्या इंधन भरायच्या यंत्राच्या पायाचा विचार त्याच्या वजनापासून सुरू करणं चूक आहे. शेजारी थांबणारा भरलेला ट्रक त्याहून कितीतरी जड असतो. खरा प्रश्न धक्क्याचा. टाकीतला पंप जिथे दाबाने इंधन वर पाठवतो, तिथे यंत्राखालच्या पाइपवर सुरक्षा-झडप असते. वाहन आदळलं की ती मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या खाचेपाशी तुटते आणि इंधन अडवते. पण तिचा खालचा भाग चौथऱ्याला पक्का जखडलेला असेल तरच. तो हलला, तर खाच शाबूत राहून खालचा पाइपच फाटू शकतो. मग यंत्रच न हलेल इतकं मजबूत का बसवू नये? कारण ट्रकपुढे बोल्टांचा भरवसा धरता येत नाही. धक्का थोपवणं हे यंत्राशेजारच्या पोलादी खांबांचं काम. धक्क्याबरोबर पायाखालच्या जमिनीचाही विचार हवा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया वरखाली झाला की पाइपांचे सांधे ताणले जातात. तिथे माती काढून मुरूम दाबून भरणं खर्चिक वाटतं खरं, पण जमिनीखालची गळती बऱ्याचदा शेजारच्या विहिरीला वास आल्यावरच कळते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.